अर्धलीची शेळी

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेळी पाळायची म्हटलं की पहिली गाठ पावसाशी. तिकडं अथणीच्या माळावर शेरडं पावसाळ्यातही कोरडी राहतात. इथं जूनमध्ये ओली झालेली गोठ्याची जमीन दसऱ्यापर्यंत वाळत नाही.

माझ्याकडं पैसे नव्हते, म्हणून शेळी अर्धलीनं घेतली. शेजारच्या काकूंनी गाभण शेळी दिली. सांभाळायची मी, पिल्लं निम्मी निम्मी. महिन्याभरात व्याली, एक पाट म्हणजे मादी करडू, एक बोकड. काकू म्हणाल्या, "बोकड मी नेते, पाट तुला राहू दे. बोकड एकदाच पैसे देतोय." त्या बाईनं स्वतःचं नुकसान करून घेतलं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

पहिल्या पावसात चूक माझीच. दुसऱ्या वेताची करडं ओलीतच ठेवली. एकाच्या नाकातून शेंबूड, छातीत घरघर, चौथ्या दिवशी गेलं. मग बांबूचं मचाण बांधलं, दोन हात उंच. पट्ट्यांत फट ठेवायची ती लेंड्या खाली पडण्यापुरती. मी दोन बोटं ठेवली आणि संध्याकाळीच पिल्लाचा पाय अडकला. पट्ट्या सोडल्या, एका बोटावर आणून परत बांधल्या. खाली साठलेलं लेंडीखत भाताला जातं, ते वेगळंच.

लशीचं वेळापत्रक सोपं आहे, पाळायचं तेवढं कठीण. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची, दरवर्षी पावसाच्या तोंडावर; पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या जीवघेण्या साथीची, एकदा टोचली की तीन वर्षं. जंताचं औषध मृगाच्या आधी. दवाखान्यातला कागद कन्नडमध्ये असतो. मुलगी शाळेत कन्नड शिकते, ती वाचून दाखवते आणि मी मागं मराठीत तारीख लिहून ठेवते.

खरी परीक्षा विकताना. बकरी ईदच्या आधी व्यापारी आला, बोकडाच्या पाठीवर हात फिरवला, कमरेत धरून जरा उचलला आणि म्हणाला, "सहा हजार." मी बचतगटातला ताणकाटा मागून आणला होता. टांगला तर एकवीस किलो भरला. किलोला तीनशे ऐंशीनं धरला तर आठ हजाराला वीस रुपये कमी. तो कुरकुरला, उठून गेला, बांधापर्यंत जाऊन परत आला. सात हजार आठशेला सौदा ठरला. घरात विचारणा झाली, पैसे कुठं ठेवलेस? म्हटलं, पोस्टात, माझ्या नावावर. त्यातूनच मुलीची फी भरली.

आता सहा शेळ्या आहेत. परवा वाडीतल्या एकीला एक गाभण शेळी अर्धलीनं दिली. मचाण झाल्याशिवाय नेऊ नको म्हटलं, तर ती बांबू आणायला गेली आहे. तिलाही पाटच हवी आहे. आणि मलाही! यावर आमचं अजून ठरलेलं नाही.