तुम्ही विचारलंत म्हणून: टर्बाइन हायड्रोजनवर का नाही चालवत?

गॅस टर्बाइनवर नोकरी केली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ऊन फुकट, पाणी फुकट. त्याचा हायड्रोजन करा आणि उरणसारखी गॅसअभावी अर्धवट चालणारी वीजकेंद्रं चालवा की! अडलंय कुठं?"

ऊन फुकट आहे हो, वीज नाही. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट वीज लागते. तोच किलो उत्तम कम्बाइन्ड सायकलमध्ये, म्हणजे गॅस टर्बाइनच्या उरलेल्या उष्णतेवर वाफेचं टर्बाइनही चालवणाऱ्या केंद्रात, जाळला तर हाती 20 च्या आसपास युनिट पडतात. दाबून भरायचा खर्च वेगळाच. दुपारची सौर वीज थेट ग्रिडला जाते, तिथं तिचे तीनातले जवळपास दोन हिस्से वाटेत का घालवायचे? एवढं बोललं की मी जुन्या विचारांचा ठरतो.

हायड्रोजनला घाबरतो, असंही म्हणतात. घाबरतोच. मी होतो त्या केंद्रात जनरेटर थंड ठेवायला हायड्रोजनच असायचा. एकदा भर दुपारी सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या नळीवर, मॅनिफोल्डवर, एक जॉइंट गळत होता. बारीक शिट्टीसारखा आवाज, बाकी काही नाही. उन्हात हायड्रोजनची ज्योत दिसत नाही, लांबून धगही फारशी लागत नाही. माझा सहकारी व्हॉल्व्ह बंद करायला पुढे झाला आणि त्याची बाही पेटली. कशानं पेटली हे आम्हाला क्षणभर कळेचना. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात सारखं एकच विचारत होता, "पण आग होती कुठं?" पुढे गळतीची शंका आली की आम्ही लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचो. काड्या पेटल्या की तिथंच थांबायचं.

पण भीती हे उत्तर नव्हे. नैसर्गिक वायूही जीव घेतो. खरी अडचण अशी की हायड्रोजनची ज्योत मिथेनपेक्षा कितीतरी वेगानं पळते, बर्नरमध्ये मागे शिरते. तेवढ्याच उष्णतेला घनफळ तिप्पट लागतं, म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह, बर्नर सगळं नव्यानं. "30 टक्के मिसळला" अशी बातमी येते. घनफळातले 30 टक्के म्हणजे उष्णतेत जेमतेम 11.

नोकरीत असताना मी ज्युनिअरांना ठासून सांगायचो, हे होणे नाही. 2023 मध्ये फ्रान्समध्ये एक औद्योगिक टर्बाइन 100 टक्के हायड्रोजनवर चाललं. अमेरिकेत युटामधल्या डेल्टाला 840 मेगावॅटचं केंद्र 30 टक्के मिश्रण धरूनच उभारलंय. तरी त्या वेळचा मी अजून भांडतो: त्यांच्याकडे साठवायला जमिनीखाली मिठाच्या गुहा आहेत, आपल्या पायाखाली बेसॉल्टचा काळा कातळ. टाक्यांत किती दिवसांचा भरणार?

आणि मग जुलै आठवतो. आठवडाभर आभाळ उघडत नाही, सौर पॅनेल कशीबशी चालतात. बॅटरी काही तास सांभाळेल, आठवडा नाही. तेव्हा तीन युनिटांतलं परत आलेलं एकही मोलाचं. पण खत कारखान्यांत आज नैसर्गिक वायूपासूनच हायड्रोजन बनतो, तिथं त्याच्या जागी हा विजेतून काढलेला किलोला किलो वापरता येतो. माझ्या हातात असता तर मी आधी तिथं दिला असता. टर्बाइनसाठी मागणाऱ्यांनी मला एवढं सांगावं: कुठल्या आठवड्यासाठी, आणि तोवर ठेवणार कुठं?