ज्योत निळी होती, तरीही

आमच्या धंद्यात नवीन पोरगा हाताखाली आला की त्याला सगळ्यात आधी ज्योत बघायला शिकवतात. पाना नंतर. बर्नरला घट्ट चिकटलेली, निळी, आतला सुळका टोकदार: काम बरोबर. टोकं पिवळी आणि लवलवती: हवा कमी पडतेय, किंवा गॅस जास्त येतोय. बर्नर सोडून वर उचललेली: हवा किंवा दाब जास्त. मागे सरकून जेटपाशी, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकाच्या तोटीपाशी, फुसफुसणारी: काही विचारायचं नाही, नॉब बंद. पिवळा रंग म्हणजे न जळलेला कार्बन, तापून चमकणारी काजळी; तोच पातेल्याच्या बुडाला बसतो. नाशिकमध्ये स्टोव्ह आणि गीझरची कामं करताना या एका नजरेवर माझं घर चाललं आहे. म्हणूनच इंदिरानगरच्या त्या घराचा विषय डोक्यातून जात नाही. तिथं ज्योत अगदी बरोबर होती.

फोन आला तो जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत. "भाऊ, गीझर चेक करून द्या, म्हणजे एकदाची शंका नको." मुलगी अकरावीला, सकाळी सातचा क्लास. दिवाळीनंतर तिला आंघोळ करून आली की चक्कर, डोकं दुखणं, उलटीची भावना. केस धुवायच्या दिवशी हमखास. एकदा बाथरूममध्येच पडली, हातपाय ताठ झाले. ईईजी झाला, एमआरआय झाला, दोन्ही नॉर्मल, तरी फिटच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरांना मी दोष देत नाही, पण बाथरूममध्ये फिट आली म्हटल्यावर "पाणी कशावर तापवता?" हा प्रश्न पहिल्या पाचात यायला हवा. डॉक्टरमंडळींनीच या प्रकाराला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नाव दिलेलं आहे.

गीझर बाथरूमच्या आतच लावलेला. कंपनीच्या पुस्तिकेत बाहेर लावा म्हणून छापलेलं असतं, पण ती पुस्तिका खोक्याबरोबर भंगारात जाते. झाकण काढलं. बर्नर स्वच्छ, वरच्या तांब्याच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पात्यांमध्ये, बोट फिरवलं तर काजळीचा कण नाही. पेटवला, दहा मिनिटं चालू ठेवला. ज्योत एकसारखी निळी. मीटर लावला, कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे गॅस अर्धवट जळला की होणारा विषारी वायू, नावापुरता. माझ्याआधी दोन मेकॅनिक येऊन "निळी आहे, ओके" म्हणून गेले होते आणि मीही तेच म्हणून निघू शकलो असतो.

वडिलांनी कपाटातून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढलं, कोरोनात घेतलेलं. "पडली तेव्हा लगेच लावलं होतं, ९८ दाखवत होतं." हे मी दहा घरांत ऐकलं आहे. मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो, आणि हे घरगुती यंत्र त्या दोघांत फरक करू शकत नाही. रक्त विषाने भरलेलं असलं तरी ते ९८ दाखवतं. दवाखान्यात पोहोचून रक्त काढेपर्यंत चार-पाच तास गेले तर निम्मा अंश साध्या श्वासानेच निघून गेलेला असतो. आई म्हणाल्या, "पण भाऊ, गॅसचा वास कधीच आला नाही हो." येणारच नाही. सिलिंडरमधल्या गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात, पण ते गॅसबरोबर जळून जातं. मोनॉक्साइडला स्वतःचा ना वास ना रंग.

हत्यारं गोळा करत होतो तेव्हा आजी बोलल्या. फ्लॅटमध्ये देवघराला वेगळी जागा नाही, म्हणून पॅसेजमधल्या कोनाड्यात देव आणि तिथंच त्यांचा नंदादीप. आजी वणीकडच्या. नवरात्रात सप्तशृंगी गडावरून ज्योत घेऊन पोरं धावत गावाकडे निघतात, ती विझू नये म्हणून काय काय करतात ते पाहत त्यांचं लहानपण गेलं. दिव्याकडे त्यांचं लक्ष असतं ते असं. म्हणाल्या, "बाळा, सकाळी माझा दिवा आडवा होतो. स्वयंपाकघराकडे. दुपारी सरळ असतो. त्या वेळेलाच पोर आजारी पडते. मी सांगितलं तर म्हणतात, आजी, अपशकुनाचं बोलू नकोस."

मी पिशवी खाली ठेवली.

सकाळी घरात काय काय चालू असतं ते विचारलं. थंडी, म्हणून सगळ्या खिडक्या बंद. मुलगी आंघोळीला, आई डब्याची फोडणी देत असतात, आणि दिवाळीतच बसवलेली किचनची चिमणी फुल स्पीडवर. म्हटलं, तसंच करा. खिडक्या लावल्या, बाथरूमचं दार लावलं, चिमणी चालू केली. दिव्याची ज्योत आमच्यासमोर झोपली. आजींकडूनच उदबत्ती घेतली आणि बाथरूमच्या दाराखालच्या फटीपाशी धरली. धूर पॅसेजमध्ये धावला. म्हणजे घर हवा ओढत होतं ती बाथरूममधून, आणि बाथरूम ओढत होतं ते डक्टकडच्या, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या बाथरूमना लागून वर जाणाऱ्या पोकळीकडच्या, खिडकीतल्या काचेच्या पट्ट्यांतून. ज्या पट्ट्यांतून जळका गॅस बाहेर जायला हवा, तिथून उलटी हवा आत.

या चिमण्या विकणाऱ्यांवर माझा राग आहे. दुकानात सांगतात, "सक्शन १२००." म्हणजे तासाला १२०० घनमीटर हवा, मिनिटाला २०. पाइपची वळणं आणि तेलकट जाळी धरून निम्मीच समजा, तरी मिनिटाला १०. पाच बाय सहाचं बाथरूम सगळं मिळून आठ घनमीटर भरत नाही. एवढी हवा बंद घरात येणार कुठून, हे विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही, बसवणारा भिंतीला भोक पाडून निघून जातो.

पण मीटर अजून गप्प होता. चिमणी चालू, गीझर चालू, आकडा थोडा चढला आणि थांबला. एवढ्याने पोरगी पडणार नाही. मग पट्ट्या एकेक करून काढल्या. आतून स्वच्छ. बाहेरच्या, डक्टकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवलं तर काळं मखमली काजळ निघालं, बोटाला लागलं तर पसरणारं. या घरच्या गीझरच्या फिन्स कोऱ्या आणि काच बाहेरून काळी. मी म्हटलं, उद्या सकाळी साडेसहाला येतो, तोवर मुलीला आंघोळ करू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या स्टुलावर मीटर ठेवला आणि गीझरचा कॉकच बंद केला. खिडक्या बंद, चिमणी चालू. मी दारात उभा. पहिला अलार्म ३५ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) आहे, तो खालून पाण्याचा आवाज आल्यावर थोड्याच वेळात वाजला. मग ८०, १५०, आणि काही मिनिटांत ४००च्या वर. आकडा थांबायला तयार नव्हता. आणि घरातला गीझर बंद होता. चिमणी बंद करायला सांगितली, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना गॅलरीत काढलं आणि जिन्याने खाली पळालो.

खालच्या मजल्यावर नोकरी करणारी भाडेकरू पोरं. दार उघडणाऱ्याला अर्धं सांगेपर्यंत मी आत पोहोचलो होतो. गीझरच्या खिडकीतून दिसणारी ज्योत पिवळी, वीतभर उंच, तांब्याच्या टाकीला चाटत होती. बंद केला. झाकण काढलं तर फिन्स काजळीने बुजलेल्या. जेट खोलून उजेडात धरला आणि उत्तर सापडलं. भोक पाइप गॅसचं. पोरांनी गीझर दुसऱ्या शहरातल्या जुन्या फ्लॅटमधून आणलेला, तिथं पाइपलाइन होती. इथं कुणीतरी तो तसाच सिलिंडरला जोडून दिला. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात साधारण अडीचपट उष्णता असते, म्हणून त्याचं भोक बारीक लागतं. मोठ्या भोकातून तो सोडला की गॅसचा लोंढा येतो, हवा पुरत नाही, अर्धवट जळतो आणि मोनॉक्साइड होतो. जेट बदलायला अर्धा तास लागतो. तो न बदलता पाचशे रुपये घेऊन जाणाऱ्या माणसाला मेकॅनिक म्हणायची माझी तयारी नाही.

पोरांना स्वतःला फारसं काही झालं नव्हतं. त्यांच्याकडे चिमणी नाही, पट्ट्या सताड उघड्या, गरम धूर डक्टमध्ये जायचा आणि वर चढायचा. पुढे जाऊन बाहेर का पडत नव्हता, ते गच्चीवर गेल्यावर कळलं. कबुतरं आणि पावसाचं पाणी नको म्हणून सोसायटीने डक्टच्या तोंडावर पत्रा ठोकला होता, चारही बाजूंनी नीट सील करून.

तेव्हापासून मी हेच जुळवत बसलो आहे. पत्रा नसता तर धूर वर निघून गेला असता. चिमणी नसती तर तो या घरात ओढला गेला नसता. जेट बरोबर असता तर धुरात विष नसतं. तिघांनी आपापलं काम केलं, तिघांनीही दुसऱ्याकडे पाहिलं नाही, आणि तिन्हींचा हिशेब अकरावीतल्या पोरीच्या डोक्यात होत होता.

इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला. वात बारीक करून ते ज्योत वाचायचे: टोकावर फिकट निळी टोपी चढली की हवेत मिथेन आहे, ज्योत मंदावून विझली की ऑक्सिजन संपत आला आहे. पण मोनॉक्साइड त्या ज्योतीत दिसायचा नाही, त्यासाठी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत, आणि ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत टिकली. गीझरची निळी ज्योत फक्त स्वतःच्या बर्नरची साक्ष देते. शेजारच्या बर्नरचं तिला काय माहीत. हवा कुठून कुठे चालली आहे ते आजींच्या दिव्याने सांगितलं, आणि ती गोष्ट माझ्या मीटरलाही आधी कळली नव्हती.

मीटरच्या आकड्यांचे फोटो आणि वेळा लिहून दिल्या, वडील ते घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्या घरचा गीझर निघाला, विजेचा बसला. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, त्यात मी बोलत नाही. पण आंघोळीनंतरची चक्कर थांबली असं मुलीच्या आईंनी फोनवर सांगितलं, आणि आजींनी फोन हातात घेऊन विचारलं, "तुझं जेवण झालं का?"

सोसायटीच्या मीटिंगला मी स्वतः गेलो, बोलावलं नव्हतं तरी. पत्रा उचलून चारही बाजूंनी फूटभर जागा सोडायची आणि जाळी लावायची, एवढं मान्य झालं. डक्टवरच्या सगळ्या बाथरूममधले गॅस गीझर तपासू द्या म्हटलं तर एक सदस्य म्हणाले, "आमची ज्योत निळी आहे." दोन फ्लॅटनी अजून दार उघडलेलं नाही. खालच्या पोरांच्या घरमालकाला मी तो गीझर परत जोडायला नकार दिला, बाहेर लावायची जागा नाही म्हणून. परवा त्या पोरांपैकी एकाचा फोन आला, दुसऱ्या कुणीतरी येऊन जेट बदलून तो चालू करून दिला आहे, गरम पाणी छान येतंय. कुठला जेट घातला आणि पट्ट्या उघड्या आहेत का, ते बघायला रविवारी सकाळी साडेसहाला मीटर घेऊन जातो आहे.