रेंज नाहीये

आठ जणांचं टेबल, बिल ६,४८०. पाच हजारांच्या वर गेलं की नुसतं टॅप करून भागत नाही, पिन लागतोच. काकांनी हाताचा आडोसा करून पिन टाकला. मशीन टुकटुकलं. डिक्लाइन्ड.

समोर होणारे व्याही, बडीशेप चघळत.

मी मशीन पोटाशी धरलं. "काका, इथे रेंज येत नाही. जरा काउंटरपाशी येता?"

रेंज फुल होती.

काउंटरवर त्यांनी दुसरं कार्ड काढलंच नाही. मुलाला हळू आवाजात फोन लावला, हॉटेलचा यूपीआय आयडी पाठवला. मी साउंडबॉक्सचा आवाज बारीक केला. (बँकेचा सर्व्हर, रोजची मर्यादा, काहीही असू शकतं. पण बघणारे एकच कारण धरतात.)

निघताना ते मागे रेंगाळले. "बाळा, रेंज नाही म्हणायला कोणी शिकवलं रे?"

"कोणी नाही," म्हटलं.

खरं तर माझ्या बाबांचं कार्ड एकदा भर दुकानात अडकलं होतं. गल्ल्यावरचा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "साहेब, बॅलन्स नाहीये यात!"

बाबा त्या दुकानाची पायरी परत चढले नाहीत. हे काका पुन्हा येतील का?