दोनशे तासांनंतरची तीन वर्षं

आमचं घर धानोरीत. लोहगावला उतरणारी सुखोई गच्चीवरून इतकी खाली दिसते की आई बोलता बोलता थांबते. विमानाचं वेड मला तिथेच लागलं. वैमानिक होण्यात पैशांचा हिशोब कसा असतो, हे मात्र बारावीनंतर कुणी नीट सांगितलं नाही. म्हणून लिहितेय.

सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला, फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी, क्लास वन मेडिकल, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) प्रत्येक पेपरात ७० टक्के आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. फ्लाइंग स्कूलने दीड वर्ष सांगितलं होतं, लागली अडीच. उडण्याजोगी विमानं दोन आणि विद्यार्थी पन्नासच्या वर. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवस दिवस हँगरच्या दारात बसून राहायचं. होस्टेलचं बिल चालूच. कर्ज ४० लाखांचं, फ्लॅट तारण ठेवून.

लायसन्स हातात आल्यावर जाहिराती बघायला लागले. बहुतेक ठिकाणी तीच ओळ: एअरबस ए-३२० किंवा छोट्या एटीआर विमानाचं टाइप रेटिंग हवं. म्हणजे त्याच जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, तेही स्वतःच्या खर्चाने. एवढे पैसे कुठून आणायचे?

तीन वर्षं गेली. मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडवण्याच्या परवानगीची) चेक फ्लाइटही दरवर्षी, आणि प्रत्येक वेळी विमानाचं भाडं. हप्ते बाबा भरत होते. मी डेक्कनला एका क्लासमध्ये वैमानिक होऊ पाहणाऱ्यांना मेटिऑरॉलॉजी, म्हणजे हवामानशास्त्र, शिकवायचे. पालक खर्च विचारायचे, तेव्हा २०० तासांपाशी मी कधीच थांबले नाही. टाइप रेटिंगचा आणि बसून राहण्याचा खर्चही सांगायचे. काही जण उठून जायचे. क्लासच्या सरांना ते आवडत नसे, पण मला गप्प बसवेना.

शेवटी आईच्या पाटल्या आणि मामाची मदत मिळून एटीआरचं रेटिंग केलं. मला ते १५ लाखांना पडलं. मग विमान कंपनीची लेखी परीक्षा, सिम्युलेटरवरची चाचणी, मुलाखत आणि पाच वर्षांचा बाँड. ट्रेनिंगमध्ये महिन्याला ४५ हजार मिळायचे. बँकेचा हप्ता ५४ हजार.

बेस पुण्याबाहेर. एका खोलीत आम्ही तिघी. पहाटे चारला रिपोर्टिंग असलं की अलार्म अडीचचा, आणि बाकीच्या दोघींची झोप मोडू नये म्हणून मी अंधारातच युनिफॉर्म घालायचे. मागे ७० माणसं बसलेली, उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर मी, आणि रात्री जेमतेम चार तास झोप. २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ एका प्रादेशिक कंपनीचं विमान पडून ५० जण गेले. त्या चौकशीत सहवैमानिकेचा तुटपुंजा पगार आणि रात्रभर प्रवास करून तिचं ड्युटीवर येणं, दोन्ही पुढे आलं. तिकडे २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांची अट आहे. आपल्याकडे २०० तासांवर उजवी सीट मिळते. मला तिकडची अट नको, आधीच कर्जात बुडालेली मुलं तेवढे तास आणणार कुठून? नवख्याला पगार कमी, हेही मी समजू शकते. पण कंपनीचंच विमान उडवायला शिकण्याचे पैसे त्याच्याकडून घ्यायचे आणि वर पाच वर्षं बांधून ठेवायचं, हे मला चूक वाटतं.

सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग, म्हणजे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रवासी घेऊन उडणं, संपून पूर्ण सहवैमानिक म्हणून रिलीज झाले, तेव्हा पगार पहिल्यांदा हप्त्याच्या वर गेला. त्या दिवशी आईला फोनवर आकडा सांगताना मला रडू आलं.

आता लॉगबुकात ९४० तास आहेत. कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल, म्हणजे त्याच्या वरचं लायसन्स हवं, आणि त्याला १५०० तास. घरी कालनिर्णयच्या पानामागे बाबांनी उरलेले हप्ते आकड्यांनी मांडून ठेवलेत. ५ तारखेला पैसे गेले की मी फोन करते, ते पेन शोधतात आणि एक आकडा खोडतात. या महिन्यात ७१ उरले.