बीएमआय सेम, चरबी दुप्पट

शुगर निघाली की 'घराण्यातच आहे' म्हणून विषय संपवतात. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा तो फोटो बघा, २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला, दोघांचा बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानानं वजन) २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! बरं हे नुसतं जीन्सचं म्हणावं तर पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासात आईचं खाणंही आडवं येतं, गरोदरपणात जिचं बी१२ कमी पण फोलेट जास्त (दोन्ही जीवनसत्त्वंच), तिच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीरानं इन्सुलिनला नीट दाद न देणं, शुगरकडे नेणारं, जास्त दिसला. म्हणजे जीन्स आहेतच हो, पण सगळं खापर आजोबांवरच का फोडता? आणि घरातल्या गरोदर बाईला अजूनही उरलंसुरलंच वाढतात, त्याचं काय?