दत्तजयंतीची ओहोटी

मार्गशीर्ष वद्य तृतीया, रात्री अकरा

तीन दिवस झाले तरी तेच डोक्यात घोळतंय. लिहून काढलं तर झोप लागेल कदाचित.

पौर्णिमेला देवळात पोहोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली, अंगाला शेवाळाचा वास. पायरीवर चपला काढताना आतून गजर ऐकू आला आणि पाय तिथेच थांबला. पखवाज वाजत होता. वाजणारच, दत्तजयंतीचं भजन पखवाजाशिवाय कसं होईल? पण इतकी वर्षं मी नसलो की बाळू ढोलकीवर वेळ मारून नेत असे आणि पखवाज गवसणीत कोपऱ्यात उभा असे. त्या उभ्या पखवाजाची मला सवय झाली होती. तो माझी वाट बघतोय असं मी धरून चाललो होतो.

दारातून बघितलं तर तात्यांचा नातू बसला होता. डाव्या पुडीला ताजी कणीक, उजवा हात मोकळा, मान खाली. बुवांनी मला बघून डोळ्यांनीच "ये, बस" म्हटलं आणि पुढचा अभंग धरला. मी मागे कोरसात बसलो. शेवटी सुंठवडा घेतला आणि घरी आलो. झालं ते एवढंच. कुणी वाकडं बोललं नाही, कुणी टोमणा मारला नाही.

पण मला कुणी सांगितलं का नाही? एक फोन. "यंदा पोराला बसवतोय" एवढं एक वाक्य. पखवाज बाबांचा आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. देवळात ठेवला म्हणजे देवळाचा झाला हे मान्य, मीच तो ठेवला. तरीही.

ही म्हणाली, "तुम्ही नसताच ना पौर्णिमेला." यात चुकीचं काही नाही. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

काल संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली बार्नॅकलची पिल्लं मोजत बसलो होतो. एरवी या कामात मी सगळं विसरतो. बार्नॅकल म्हणजे खडकावर पांढरट, टोकदार, दगडाच्या फोडासारखे दिसतात ते. बहुतेकांना वाटतं शिंपल्यातला प्रकार असेल, पण हे कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद. लहानपणी ते पाण्यात पोहतात. शेवटच्या अवस्थेतलं पिल्लू काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतं आणि फक्त जागा शोधतं. मिशांवर चालत खडक चाचपून बघतं, आवडला नाही तर सोडून पुढे जातं. जिथे आपल्या जातीची मोठी मंडळी आधीच बसलेली असतात तिथे त्याचा ओढा जास्त. एकदा जागा पसंत पडली की डोकं खाली टेकवून सिमेंटसारख्या द्रवाने स्वतःला चिकटवून घेतं. मग जन्मभर तिथून हलायचं नाही. भरतीचं पाणी आलं की झडप उघडून पाय बाहेर काढायचे आणि पायांनीच अन्न ओढून घ्यायचं.

माझ्या कामातला एक भाग जागा रिकामी करण्याचा आहे. खडकावर दहा सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, पत्र्याने खरवडून साफ करायचा आणि दर खेपेला बघायचं की तिथे कोण येऊन बसलं. अकरा वर्षांत एकही चौकोन कायमचा रिकामा राहिलेला मी बघितलेला नाही. आधी पातळ हिरवं बुळबुळीत काहीतरी येतं, मग बार्नॅकल, खालच्या बाजूला कालवं. हे मला इतकं पाठ आहे की विद्यार्थ्यांना झोपेतही सांगेन. आणि देवळातली जागा दोन वर्षं मोकळी ठेवून ती तशीच राहील असं मी समजत होतो!

पण ही तुलना मला लिहिल्या लिहिल्याच पटेनाशी झालीय. ते पोर काही मला ढकलून बसलेलं नाही. त्याला कुणीतरी "बस" म्हटलं म्हणून तो बसला. सातवीतला मुलगा, बोटं अजून आखूड. ठेका मात्र स्वच्छ धरतो. माझ्यापेक्षा... असो.

दर पौर्णिमेच्या भजनाला मी नेमका किती वेळा गेलो होतो ते आज जुन्या डायऱ्या काढून मोजलं. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. गेल्या दोन वर्षांतल्या पंचवीस पौर्णिमांपैकी सहा. त्या सहांपैकी चार पावसाळ्यातल्या, म्हणजे लाटांमुळे कातळावर पाऊल ठेवता येत नाही तेव्हाच्या. नेमक्या त्याच दिवसांत दमट हवेने पुडी सैल पडते, कितीही ठोकली तरी सुरात राहत नाही. गावाने मला ऐकलं ते असं. आणि फील्डची वही बघावी तर पावसाळा सोडून एकही पौर्णिमा कोरी नाही. तापात गेलोय, बाबांच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी गेलोय. त्या वहीचा मला अभिमान आहे. दहा-अकरा वर्षं सलग एकाच खडकाची नोंद आपल्या किनाऱ्यावर सहज मिळत नाही, आणि मधली एक खेप चुकली तर बदल खडकात झाला की आपल्या गैरहजेरीत, ते कळायला मार्ग नसतो.

डार्विनने बार्नॅकलवर आठ वर्षं घालवली, 1846 ते 1854. घरात इतकं ते चालायचं की त्याच्या एका मुलाने शेजारच्यांबद्दल विचारलं म्हणतात, मग ते त्यांचे बार्नॅकल कुठे करतात? वडील म्हणजे बार्नॅकल करणारा माणूस, असं त्या पोराला वाटत होतं. ही गोष्ट मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो, वर्ग हसतो. त्याच डार्विनने म्हातारपणी लिहून ठेवलंय की आपली कवितेची आणि संगीताची गोडी पार गेली, आणि पुन्हा जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायची, थोडं संगीत ऐकायचं असा नेम करीन. हे मात्र मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. आज मनात आलं की का नाही सांगितलं.

आमच्या धाकटीने शाळेत "माझे बाबा" लिहिलं होतं मागे. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. राहू दे.

आता खरं काय ते लिहितो. पहिल्या दिवसापासून हेच टाळतोय.

बुवांना मी दर वेळी एकच उत्तर दिलं, "बुवा, ओहोटी काय माझ्या हातात आहे?" त्यांना ते पटायचं, कारण कोकणात वाढलेल्या माणसाला हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सहा तासांनी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. पहाटेची ओहोटी अंधारात जाते, म्हणून मी संध्याकाळची धरतो. मार्गशीर्षात सहाला सूर्य बुडतो. मग बॅटरीच्या उजेडात चौकटी मोजायच्या, नमुने बाटल्यांत भरायचे, सामान गाडीपर्यंत वाहायचं आणि घरी येऊन फॉर्मलिन घालायचं. दत्तजन्म होतो सूर्यास्ताला, भजन बसतं साडेसातला. एकाच चंद्राने दोन्हीकडे बोलावलेलं. यात माझा काय दोष, असं मी म्हणत आलो.

पण मी पौर्णिमेला करतो तो थांबा, म्हणजे कातळावरची मोजणीची जागा, कुठला? वरचा. बार्नॅकलचा पट्टा. तो पट्टा इतका उंचावर आहे की दर ओहोटीला तासन्‌तास उघडा असतो. त्याला उधाणाची ओहोटी लागतच नाही. सगळ्यात खालचा थांबा, जिथे झोआंथिड, म्हणजे प्रवाळांचे मऊ भाऊबंद, आणि समुद्री काकड्या दिसतात, तो फक्त उधाणाला उघडा पडतो. आणि सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेला नसतंच, एक-दोन दिवस मागाहून येतं. म्हणून तो मी द्वितीयेला करतो. वरचा पट्टा त्रयोदशीला केला तरी चालतो. तेराची पाऊणपट पावणेदहा, ओहोटी चारच्या सुमारास. स्वच्छ ऊन. बॅटरीसुद्धा नको.

हे मला आज कळलं असं नाही. ज्या माणसाने अकरा वर्षं हे कोष्टक बनवलं त्याला हे ठाऊक नव्हतं, असं लिहिलं तर खोटं होईल. पहिल्या वर्षी पौर्णिमा, प्रतिपदा, द्वितीया असे तीन दिवस लागून आले, सोयीचं होतं, तेच पुढे चालू राहिलं. आणि मग बाबा गेले. त्यानंतर तो पखवाज समोर घेऊन बसणं मला... हे वाक्य पुरं होत नाहीये. कातळावर जाणं सोपं होतं.

जोसेफ कॉनेल नावाच्या शास्त्रज्ञाचं 1961 सालचं काम आमच्या विषयात सगळे शिकतात. स्कॉटलंडमधल्या एका बेटाच्या खडकावर दोन जातींचे बार्नॅकल, एक वर, एक खाली. वरचा खाली का राहत नाही? त्याने शेजारची जात काढून टाकली, तर वरचा खालीही मजेत जगला. म्हणजे त्याला खाली राहणं समुद्र नाकारत नव्हता, शेजारी नाकारत होता. अडचण कुठून येते ते न तपासता समुद्रावर ढकलू नये, असं मी पोरांना त्यावरून बजावत असतो.

आणि आणखी एक. त्या रात्री माझा उजवा तळवा कापलेला होता. तोल गेला आणि हात कालवावर पडला. कालवाची धार पात्यासारखी असते, हातमोजा फाटून आत शिरली. अंगठ्याखाली दीड इंच. अजून मूठ नीट वळत नाही, लिहितानाही पेन दोन बोटांत धरलंय. म्हणजे ती जागा मोकळी असती तरी मला वाजवता आलं नसतं. तो मुलगा नसता तर दत्तजयंतीला ढोलकीवर भागवलं असतं, आणि कोपऱ्यात बाबांचा पखवाज गवसणीत. त्यापेक्षा तो वाजला. मी दारात उभा होतो तेव्हा रागाआधी, अगदी पहिल्या क्षणी, बरं वाटलं होतं. "धा" नीट घुमला होता. हे मी तीन दिवस कुणालाच बोललो नाही, स्वतःलासुद्धा.

कणीक मात्र त्याने जरा जास्त घट्ट लावली होती. बाबा ती सैलसर मळायचे, वाजवता वाजवता कडेची चिमूटभर काढायचे. कुणीतरी त्याला सांगायला हवं.

वद्य पंचमी

मध्ये एक दिवस गेला. काल कॉलेजातून येताना बुवांच्या दुकानावर थांबलो. तिथे जाऊन काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो, त्यातलं काहीच बोललो नाही. ते कांदे तोलत होते. म्हणाले, "हाताला काय झालं?" मी सांगितलं. "हळद लाव." मग गिऱ्हाईक गेल्यावर, तराजूकडे बघतच, "तुला फोन करायचा होता रे. पण तू नाय म्हणशील हे ठरलेलं. आणि तुला नाय म्हणायला लावायचं आम्हालाच बरं नाय वाटत." बस, एवढंच. मला वाटत होतं ते मला विसरले. ते मला दर महिन्याला नाही म्हणण्यातून सोडवत होते.

मी म्हटलं, पुढच्या पौर्णिमेपासून वरचा थांबा त्रयोदशीला घेणार आहे. त्यांना थांबा म्हणजे काय ते कळलं नसावं. म्हणाले, "ये की. पण पखवाज आता पोराकडे राहू दे. हात बसतोय त्याचा." मी हो म्हटलं. आवाज बरा निघाला.

"एकादशीला विठ्ठलाकडे झांजेला माणूस कमी आहे," त्यांनी दुकानाच्या पायऱ्या उतरताना मागून सांगितलं.

एकादशी म्हणजे अकरा. पाऊणपट सव्वाआठ. रात्री सव्वाआठला भरती, सगळा कातळ पाण्याखाली. झांज माळ्यावर सापडली, दोरी कुजून तुटली होती. फील्डच्या खोक्यातली निळी नायलॉनची दोरी कापून ओवली आहे, चौकटीला बांधतो तीच. गाठ डाव्या हाताने मारली, जरा मोठी झाली, पण सुटत नाही.