सैन्याच्या नोंदींतील आईचे नाव दुरुस्त करताना : माझा अनुभव

माझ्या आईचे माहेरचे नाव यमुना, सासरचे लक्ष्मी, आणि सैन्याच्या कागदांत मात्र ती पन्नास वर्षे 'जमुना बाई' होती. माझे वडील, अण्णा, 1968 मध्ये सैन्यात भरती झाले आणि 1988 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून पेन्शन दर महिन्याला बिनबोभाट जमा होत असल्यामुळे या तिसऱ्या नावाकडे आमच्या घरात कोणी लक्ष दिले नव्हते. 2023 मध्ये त्यांचे पेन्शन बँकेकडून संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेले आणि माहितीची पडताळणी करण्यासाठी मी संगणकावर त्यांचे खाते उघडले, तेव्हा पत्नीच्या नावाच्या रकान्यात जमुना आणि जन्मतारखेचा रकाना कोरा, असे चित्र समोर आले. आईचे आधार कार्ड, पॅन कार्ड, रेशनकार्ड आणि अण्णांसोबतचे संयुक्त बँक खाते, सर्व काही लक्ष्मी या नावाने आहे.

हयातीत या विसंगतीने काही अडत नाही. अडते ते सैनिकाच्या मागे. कुटुंब निवृत्तिवेतन ज्या नावाने मंजूर आहे त्या नावाची बाई अस्तित्वातच नसेल, तर आपणच ती आहोत हे वृद्ध विधवेला सिद्ध करावे लागते. शिवाय कुटुंब निवृत्तिवेतनात वयाच्या 80 व्या वर्षी 20 टक्के आणि 85 व्या वर्षी 30 टक्के अशी जी वाढ मिळते, तिच्यासाठी पत्नीची जन्मतारीख नोंदीत असावी लागते. म्हणून अण्णांची सही होते आहे, तोवरच हे काम पुरे करायचे असे मी ठरवले.

सुरुवातीला मी चुकीच्या दारात उभा राहिलो. बँकेने 'स्पर्श'कडे बोट दाखवले, आणि तिथे नोंदवलेल्या तक्रारीला उत्तर आले की मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे सैन्याचे कार्यालय) बदलून आल्याशिवाय काही करता येणार नाही. गावातील एका माहीतगाराने तर आधारवरचेच नाव जमुना करून घ्या, पंधरा दिवसांत सुटाल, असा सल्ला दिला होता. सुदैवाने त्याआधी मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तेथील कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार होते. त्यांनी अण्णांना आधी बसायला खुर्ची दिली, मग आर्मी नंबर विचारला (तो अण्णांनी बसल्या जागी ताठ होऊन सांगितला), आणि मला म्हणाले, "आधारला हात लावू नका. एक नोंद सुधारायला दहा बिघडवाल. ही चूक कोणत्या कागदात पहिल्यांदा शिरली, ते आधी शोधा."

आमच्या प्रकरणात तो कागद म्हणजे लग्नाची पार्ट टू ऑर्डर. सैनिकाच्या आयुष्यातील लग्न, अपत्यजन्म, बढती अशी प्रत्येक घटना या आदेशाने प्रसिद्ध होते आणि त्यावरून त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदीत, उतरते. डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळणारी सेवेची पुस्तिका) आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) ही पुढची अपत्ये. अण्णांकडे डिस्चार्ज बुक जपून ठेवलेले होते, परंतु ऑर्डरची प्रत नव्हती. रेकॉर्ड ऑफिसला केलेल्या साध्या अर्जाला दोन महिने उत्तर आले नाही, तेव्हा दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अण्णांच्या सहीने माहिती अधिकाराचा अर्ज पाठवला आणि मुदतीच्या 30 दिवसांत प्रत हाती आली.

ती वाचल्यावर सगळा उलगडा झाला. 1974 मध्ये लग्न मुलीच्या गावी लागले, म्हणून लग्नाचा दाखला तिथल्या सरपंचांनी दिला आणि त्यांनी साहजिकच आपल्या गावच्या लेकीचे त्यांना ठाऊक असलेले नाव लिहिले. तामणात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने लक्ष्मी हे नाव काढले गेले ते आमच्या घरी, दुसऱ्या दिवशी. रजा संपवून अण्णा तो दाखला घेऊन पलटणीत गेले, तेव्हा हिंदी भाषक लिपिकाने यमुनाचे जमुना केले आणि सवयीने पुढे बाई जोडले. यात कोणाची लबाडी नव्हती. ज्याने त्याने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. अण्णांनी त्याखाली सही केली होती. त्याबद्दल आईने त्यांना पन्नास वर्षांनी जे ऐकवले, ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर कागद जमवले. दोघांचा संयुक्त फोटो, आधार, पॅन, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकच्या प्रती, तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेले प्रतिज्ञापत्र, तसेच एका मराठी आणि एका इंग्रजी वृत्तपत्रातील जाहिरात. खरी अडचण शाळेच्या दाखल्याची झाली. यमुना या नावाचा तोच एकमेव जुना पुरावा, पण त्यावर जन्मतारीख होती 1 जून, आपल्याकडील त्या पिढीच्या निम्म्या विद्यार्थ्यांची असते तीच. आधारवर मात्र 1 जानेवारी. वर्ष दोन्हीकडे 1955. दाखला वगळावा असे मला वाटत होते. अण्णांनी ऐकले नाही. जे आहे ते सगळे दाखवायचे, असा त्यांचा हट्ट होता, आणि मग प्रतिज्ञापत्रात तारखेतील फरकाचा स्वतंत्र उल्लेख करून आधारवरील तारीख धरावी अशी विनंती आम्ही केली. ती मान्य झाली.

जानेवारी 2024 मध्ये जिल्हा कार्यालयाच्या पडताळणीसह प्रकरण रेकॉर्ड ऑफिसला गेले आणि मार्चमध्ये त्रुटीच्या शेऱ्यासह परत आले. आधारवर लक्ष्मी हे नाव रोमन लिपीत 'एक्स' घालून लिहिलेले होते, तर इंग्रजी जाहिरातीत 'के-एस-एच' असे छापले होते. मजकूर मीच टंकलिखित करून दिला होता, त्यामुळे दोष देण्यासारखे दुसरे कोणी नव्हते. एका चुकीच्या स्पेलिंगपायी पुन्हा जाहिरात, पुन्हा प्रतिज्ञापत्र आणि अण्णांची तालुक्याला आणखी एक खेप. जे कोणी या वाटेने जाणार असतील त्यांनी प्रत्येक कागदावरील रोमन अक्षरे आधारशी एकेक करून ताडून पाहावीत. आपण मराठी वाचणारी माणसे दोन्ही स्पेलिंगांचा उच्चार सारखाच करतो आणि नेमके तिथेच फसतो.

ऑगस्टमध्ये दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे रेकॉर्ड ऑफिसने प्रकरण प्रयागराजच्या संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) कार्यालयाकडे पाठवले आणि नोव्हेंबरमध्ये शुद्धिपत्रक पीपीओ 'स्पर्श' खात्यात दिसू लागला. त्यात पत्नीचे नाव लक्ष्मी आहे आणि जन्मतारीखही भरलेली आहे. मी त्याच्या तीन प्रती छापल्या. एक डिस्चार्ज बुकमध्ये, एक बँकेत आणि एक आईच्या ट्रंकेत आहे.

ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर अद्याप जमुना बाईच आहे. ते कार्ड जुन्या कागदांवरून निघाले होते, त्यामुळे त्याच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा. शुद्धिपत्रक जोडून तो मागच्या सोमवारी दिला आहे. देण्यापूर्वी आईने चष्मा लावून त्यातील आपले नाव स्वतः अक्षर न् अक्षर तपासले.